शॅम्पेन काउंटीचा वारसाक्रम : कन्येचा हक्क आणि राजसत्तेचा विस्तार (इ. स. १०२२ ते १३६१)

सारांश

मध्ययुगीन फ्रान्समध्ये राजसत्तेचा विस्तार मुख्यतः युद्धे आणि जप्ती यांच्या मार्गाने झाला, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. नॉर्मंडीच्या बाबतीत ती योग्यही आहे. पॅरिसच्या पूर्वेकडील शॅम्पेन ही संपन्न काउंटी मात्र राजाने जिंकली नाही आणि जप्तही केली नाही. एका वारस कन्येच्या विवाहातून ती राजघराण्यात आली आणि पुढील पिढीतील दुसऱ्या वारस कन्येचा हक्क बाजूला सारून ती तेथेच राहिली. प्रस्तुत लेखात या काउंटीच्या वारसाक्रमाचा आढावा घेऊन, कन्येच्या हक्काबाबतचे निर्णय तत्त्वापेक्षा प्रत्यक्ष ताब्यावर कसे अवलंबून होते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : शॅम्पेन, काउंटी, सरंजामशाही, वारसाहक्क, भोगवटा, कापेत राजघराणे.

१. प्रस्तावना

युरोपीय सरंजामशाहीचे अध्यापन करताना आपण बहुधा एक उतरंड फळ्यावर काढतो. वर राजा, त्याखाली मोठे सरदार, त्यांच्याखाली लहान सरदार व नाइट आणि तळाशी शेतकरी, अशी ती असते. ही आकृती सोयीची असली तरी तिच्यात काळाचे परिमाण नसते. सरदार मृत्यू पावला की त्याचा प्रदेश कोणाकडे जातो, मुलगा अल्पवयीन असल्यास कारभार कोण पाहतो आणि केवळ मुलगी असल्यास काय होते, या प्रश्नांची उत्तरे ती देत नाही. प्रत्यक्ष राजकारण मात्र याच प्रश्नांभोवती फिरत होते. दत्तक घेऊन वारस निर्माण करण्याची प्रथा तेथील सरंजामी व्यवहारात रूढ नसल्याने औरस पुत्राचा अभाव हा प्रत्येक घराण्यापुढील गंभीर प्रसंग असे.

‘काउंट’ हा मुळात कॅरोलिंजियन सम्राटांचा प्रांतिक अधिकारी होता. त्याचे पद राजाच्या मर्जीवर अवलंबून असे. नवव्या व दहाव्या शतकांत केंद्रीय सत्ता दुबळी होत गेली तसतसे हे पद वंशपरंपरागत बनले आणि काउंटच्या अधिकारातील प्रदेश, म्हणजे काउंटी, त्याच्या घराण्याची मिळकत मानला जाऊ लागला. राजाला निष्ठेची शपथ देणे एवढे बंधन उरले. ही शपथ कोणाकडून स्वीकारायची आणि कोणाकडून नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र राजाकडे होता. शॅम्पेनच्या इतिहासात हा अधिकार निर्णायक ठरला.

२. व्हर्मांद्वा घराण्याकडून ब्ल्वा घराण्याकडे

मार्न, सेन आणि ओब या नद्यांच्या परिसरातील त्र्वा व मो या दोन काउंट्या हा शॅम्पेनचा गाभा होय. ‘शॅम्पेनचा काउंट’ ही उपाधी बाराव्या शतकात रूढ झाली. दहाव्या शतकात हा प्रदेश व्हर्मांद्वा घराण्याच्या हाती आला. शार्लमेनच्या वंशातील या घराण्याचा दुसरा हर्बर्ट (मृत्यू ९४३) इतका प्रबळ होता की त्याने राजा तिसरा चार्ल्स याला ९२३ मध्ये कैद केले आणि ९२९ मध्ये राजाचा मृत्यूही बंदिवासातच झाला. हर्बर्टच्या मुलानातवांनी मो व त्र्वा येथे सत्ता स्थिर केली. परंतु १०२२ च्या सुमारास पणतू एतियेन निपुत्रिक मरण पावला आणि ही शाखा खुंटली.

या वेळी पुढे आला तो ब्ल्वाचा काउंट दुसरा ओदो. त्याची आजी लुतगार्द ही दुसऱ्या हर्बर्टची कन्या होती. म्हणजेच ओदोचा दावा स्त्रीच्या बाजूने आलेल्या नात्यावर आधारलेला होता. राजा दुसरा रॉबर्ट याला हे मान्य नव्हते. ब्ल्वा, शार्त्र व तूर हा पश्चिमेकडील प्रदेश ओदोकडे आधीच होता. त्यात पूर्वेकडील त्र्वा व मो यांची भर पडल्यास राजाची खासगी भूमी दोन्ही बाजूंनी वेढली जाणार होती. वादाला कौटुंबिक किनारही होती. ओदोची विधवा आई बर्था हिच्याशी रॉबर्टने काही काळापूर्वी विवाह केला होता आणि नंतर चर्चच्या विरोधामुळे तो मोडला होता.

या वादातील ओदोचे राजाला उद्देशून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्याकडील प्रदेश हा राजाच्या खासगी मिळकतीतून मिळालेला नसून पूर्वजांकडून वारशाने आलेला आहे, असा त्याचा आशय आहे. अकराव्या शतकाच्या प्रारंभी वंशपरंपरागत हक्काची जाणीव किती पक्की झाली होती, याचे ते महत्त्वाचे साधन होय. अखेर राजाला नमते घ्यावे लागले. ब्ल्वा घराण्याच्या शॅम्पेनवरील अडीच शतकांच्या सत्तेचा पाया अशा रीतीने एका कन्येच्या नात्यावर घातला गेला, ही बाब पुढील घटना समजून घेताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३. काका, पुतण्या आणि नाकारलेला पुत्र

१०३७ मध्ये ओदो युद्धात मारला गेला आणि प्रदेशाची वाटणी झाली. तिबोकडे ब्ल्वा, तर एतियेनकडे त्र्वा व मो आले. एतियेन लवकर वारला. त्याचा मुलगा ओदो हा रूढ कल्पनेप्रमाणे सरळ वारस होता; पण काका तिबोने शॅम्पेन आपल्या हाती घेतले. पुतण्या नॉर्मंडीच्या आश्रयाला गेला. तेथे त्याने विजेता विल्यम याच्या बहिणीशी विवाह केला आणि पुढे इंग्लंडमध्ये जमीन मिळविली. पुत्राचा हक्क कागदावर निर्विवाद असला तरी ताबा बलिष्ठ नातलगाकडे असेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे या प्रसंगातून दिसून येते.

तिबोनंतर (मृत्यू १०८९) पुन्हा वाटणी झाली. पहिल्या धर्मयुद्धात भाग घेणारा एतियेन-हेन्री याला ब्ल्वा व मो मिळाले, तर १०९३ पासून त्र्वाची सत्ता धाकट्या ह्यूगकडे होती. क्लेअरव्हो येथील मठासाठी १११५ मध्ये भूमी देणारा तो हाच ह्यूग. पत्नीला झालेला मुलगा आपला नव्हे, अशी त्याची धारणा होती. ११२५ मध्ये त्याने पुत्राला वारसा नाकारला, काउंटी पुतण्या दुसरा तिबो याला दिली आणि स्वतः जेरुसलेमला जाऊन टेम्पलर पंथात प्रवेश केला. नाकारलेल्या मुलाची तक्रार पुढे टिकली नाही. ब्ल्वा व शॅम्पेन पुन्हा एका हाती आले.

४. पारडे पूर्वेकडे झुकते

दुसरा तिबो ११५२ मध्ये मरण पावला तेव्हा झालेली वाटणी बोलकी आहे. ज्येष्ठ पुत्राने घराण्याचे मूळ ठिकाण स्वीकारावे, ही अपेक्षा होती. परंतु ज्येष्ठ हेन्रीने शॅम्पेन घेतले. ब्ल्वा व सांसेर ही ठिकाणे धाकट्या भावांना मिळाली आणि तीही हेन्रीचे मांडलिक म्हणून.

याचे कारण शॅम्पेनच्या व्यापारी जत्रांमध्ये आहे. लान्यी, बार-सुर-ओब, प्रोव्हँ आणि त्र्वा या चार गावी मिळून वर्षाकाठी सहा जत्रा भरत. प्रोव्हँ व त्र्वा येथे त्या प्रत्येकी दोनदा भरत. फ्लँडर्सचे कापड आणि इटालियन व्यापाऱ्यांनी आणलेला पूर्वेकडील माल यांची येथे गाठ पडे. एक जत्रा संपून दुसरी सुरू होत असल्याने जवळजवळ वर्षभर बाजार चालू राही. येणाऱ्या व्यापाऱ्यांना काउंट संरक्षण देत असे, जत्रेवरील त्याचे अधिकारी कर्जाचे करार नोंदवून त्यांची अंमलबजावणी करवीत आणि त्या मोबदल्यात जकात व शुल्क तिजोरीत जमा होई. वारशाच्या भांडणात नेमके काय पणाला लागले होते, ते यावरून ध्यानात येते.

‘उदार’ म्हणून ओळखला जाणारा हा हेन्री (११५२–११८१) कुशल प्रशासक होता. ११७८ च्या सुमारास त्याने आपल्या मांडलिकांची नोंदवही तयार करविली. तीत सुमारे १९०० सरदार व नाइट यांची नोंद आहे. त्याची पत्नी मारी ही राजा सातवा लुई याची कन्या, तर त्याची बहीण आदेल ही त्याच राजाची पत्नी होती. मारीने पतीच्या अनुपस्थितीत आणि नंतर मुलाच्या बालपणी काउंटीचा कारभार पाहिला. कवी क्रेतियाँ द त्र्वा याला तिचा आश्रय होता. स्त्रीने राज्यकारभार करणे ही शॅम्पेनमध्ये अपूर्व बाब नव्हती, हे येथे नमूद करावयास हवे.

५. दोन कन्या आणि एक बालक (१२०१–१२३४)

हेन्री व मारी यांचा मुलगा दुसरा हेन्री ११९० मध्ये धर्मयुद्धावर निघाला. आपण परत न आल्यास धाकटा भाऊ तिबो याला काउंट मानावे, अशी शपथ त्याने जाण्यापूर्वी सरदारांकडून घेतली. तो परतला नाही. ११९२ मध्ये त्याने जेरुसलेमच्या राज्याची वारस इझाबेला हिच्याशी विवाह केला आणि ११९७ मध्ये अक्का येथे खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मागे आलिक्स व फिलिपा या दोन मुली राहिल्या. शॅम्पेनमध्ये मात्र भाऊ तिसरा तिबो काउंट झाला आणि ११९८ मध्ये राजा दुसरा फिलिप याने त्याची शपथ स्वीकारली.

मे १२०१ मध्ये, चौथ्या धर्मयुद्धाची तयारी चालू असताना, तिबो वारला. त्याची पत्नी नाव्हारची राजकन्या ब्लांश गर्भवती होती आणि काही दिवसांतच तिला मुलगा झाला. हाच चौथा तिबो होय. पतीच्या निधनानंतर ब्लांशने तत्काळ राजाकडे जाऊन शपथ दिली. तिची शपथ राजाने स्वीकारली, पण अटींवर. त्याच्या संमतीशिवाय पुनर्विवाह करावयाचा नाही, लहान मुलगी त्याच्या देखरेखीखाली द्यावयाची आणि काही किल्ले त्याच्या हवाली करावयाचे, अशा त्या अटी होत्या. काउंटी वाचली, पण तिच्या चाव्यांपैकी काही राजाच्या हाती गेल्या.

खरे संकट पुढे आले. एरार द ब्रिएन या शॅम्पेनमधील सरदाराने पूर्वेकडे जाऊन दुसऱ्या हेन्रीची मुलगी फिलिपा हिच्याशी विवाह केला आणि पत्नीच्या नावाने काउंटीवर दावा सांगितला. ब्लांशच्या बाजूने दोन मुद्दे मांडले गेले. पहिला मुद्दा फिलिपाच्या औरसत्वाचा होता. हेन्रीशी विवाह झाला तेव्हा इझाबेलाचा पूर्वीचा पती हंफ्री जिवंत होता आणि त्याच्याशी तिची झालेली फारकत वादग्रस्त होती. त्यामुळे तिला हेन्रीपासून झालेल्या मुली औरस नव्हेत, असे म्हटले गेले. दुसरा मुद्दा भोगवट्याचा होता. तिसऱ्या तिबोची आणि नंतर ब्लांशची शपथ राजाने स्वीकारलेली असल्याने काउंटी निर्वेधपणे त्यांच्या ताब्यात होती.

जुलै १२१६ मध्ये मेलँ येथे राजासमोर भरलेल्या न्यायसभेत दुसरा मुद्दा ग्राह्य धरण्यात आला. ज्याचा पिता शेवटपर्यंत निर्वेध ताबेदार होता, त्याचा ताबा तो अल्पवयीन असताना काढून घेता येणार नाही, असा निर्णयाचा आशय होता. कन्येला वारसाहक्क नाही, असे या सभेने कोठेही म्हटले नाही. तसे म्हणणे शक्यही नव्हते. कारण चारच वर्षांपूर्वी, १२१२ मध्ये, स्वतः ब्लांशने सरदारांच्या संमतीने पुत्र नसल्यास किल्ल्यांची वाटणी मुलींमध्ये कशी करावी, याचा नियम जाहीर केला होता. सरदारांच्या घरात मुलींचा हक्क नियमबद्ध करणारी ही काउंटेस आपल्या मुलासाठी दिराच्या मुलींशी झगडत होती. तिची ही भूमिका विसंगत वाटली तरी तिच्यापुढे दुसरा पर्यायही नव्हता.

निर्णयानंतरही युद्ध पेटले. १२१८ मध्ये एरारला साथ देणाऱ्या लोरेनच्या ड्यूकचा पाडाव झाला आणि १२२१ मध्ये एरार व फिलिपा यांनी मोबदला घेऊन दावा सोडला. १२२२ मध्ये तिबो सज्ञान झाला आणि एकवीस वर्षांचा कारभार ब्लांशने मुलाच्या स्वाधीन केला.

थोरली बहीण आलिक्स, सायप्रसची राणी, हिचा दावा अद्याप शिल्लक होता. तो मिटविण्यासाठी १२३४ मध्ये ४०,००० लिव्र रोख आणि वार्षिक उत्पन्नाची भूमी देण्याचे ठरले. रोख रक्कम उभारण्यासाठी चौथ्या तिबोने ब्ल्वा, शार्त्र, शातोदँ व सांसेर यांवरील आपले अधिपत्य राजा नववा लुई याला विकले. ओदोच्या काळी ज्या वेढ्याची राजाला भीती वाटत होती, त्याची पश्चिमेकडील बाजू अशा प्रकारे एका कन्येचा हक्क विकत घेण्याच्या खर्चात, शस्त्र न उचलता, राजाकडे आली.

६. नाव्हारचा मुकुट आणि वारस कन्या

त्याच वर्षी तिबोचा मामा, नाव्हारचा राजा सातवा सांचो, निपुत्रिक वारला आणि आईच्या नात्याने तिबोला पिरेनीज पर्वतातील ते राज्य मिळाले. ज्याच्या काउंटीवर चुलत बहिणींनी दावा सांगितला होता, तो स्वतः मात्र स्त्रीच्या बाजूनेच राजा झाला. त्याची गीते मध्ययुगीन फ्रेंच काव्यात मानाने गणली जातात.

त्याच्यानंतर पाचवा तिबो (१२५३–१२७०) आणि तिसरा हेन्री (१२७०–१२७४) हे दोन पुत्र क्रमाने गादीवर आले. हेन्रीचा मुलगा बालपणीच दगावला होता. तेव्हा १२७४ मध्ये दीड वर्षाची मुलगी जोन ही काउंटेस व नाव्हारची राणी झाली. कन्या म्हणून तिच्या हक्काला शॅम्पेनमध्ये आव्हान मिळाले नाही. तिची आई तिला घेऊन फ्रान्सच्या राजाकडे गेली आणि १२७५ च्या करारानुसार राजपुत्राशी तिचा विवाह ठरला. विवाह होईपर्यंत शॅम्पेनचा कारभार आईचा दुसरा पती, इंग्लंडच्या राजाचा भाऊ एडमंड, पाहत होता. १२८४ मध्ये जोनचा विवाह झाला आणि पुढील वर्षी तिचा पती चौथा फिलिप म्हणून राजा झाला. १३०५ मध्ये ती वारली, तेव्हा शॅम्पेन व नाव्हार तिच्या ज्येष्ठ पुत्राकडे, लुईकडे, गेले. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावयास हवा. शॅम्पेन अद्याप राजमुकुटाची मिळकत नव्हती. ती आईकडून मुलाला आलेली मिळकत होती. १३१४ मध्ये लुई राजा झाल्याने दोन्ही वारसे केवळ एका व्यक्तीत एकत्र आले.

७. दुसऱ्या जोनचा हक्क (१३१६–१३६१)

दहावा लुई जून १३१६ मध्ये मरण पावला. त्याला पहिल्या पत्नीपासून चार वर्षांची मुलगी होती. तिचेही नाव जोन. दुसरी पत्नी गर्भवती होती. तिला नोव्हेंबरमध्ये झालेला मुलगा पाच दिवसच जगला आणि लुईचा भाऊ पाचवा फिलिप याने सिंहासन घेतले. १३१७ च्या प्रारंभी भरलेल्या सभेत स्त्री फ्रान्सच्या सिंहासनावर येऊ शकत नाही, असे मत नोंदविण्यात आले. या वेळी सॅलिक कायद्याचा आधार घेतला गेला नव्हता. ते समर्थन बऱ्याच नंतर पुढे आले. अध्यापनात हा क्रम अनेकदा उलटा सांगितला जातो.

सिंहासनाबाबत काहीही ठरले तरी शॅम्पेन व नाव्हार यांना तो नियम लागू करण्यास आधार नव्हता. लहान जोनच्या वडिलांना ही दोन्ही आपल्या आईकडूनच मिळाली होती. तिच्या वतीने मामा, बर्गंडीचा ड्यूक चौथा ओदो, भांडत होता. परंतु १३१८ मध्ये ओदोने फिलिपशी तडजोड केली. भाचीसाठी वार्षिक उत्पन्न ठरले, राजाला पुत्र न झाल्यास शॅम्पेन तिला परत मिळेल असे आश्वासन मिळाले आणि स्वतः ओदोचा विवाह राजाच्या मुलीशी झाला. पालकच प्रतिपक्षाचा जावई झाला.

१३२२ मध्ये फिलिप पुत्रहीन वारला. परंतु त्याचा भाऊ चौथा चार्ल्स याने काउंटी परत केली नाही. १३२८ मध्ये तोही पुत्रहीन वारला आणि व्हाल्वा शाखेचा सहावा फिलिप राजा झाला. नव्या राजाचा शॅम्पेनशी वारशाचा कोणताही संबंध नव्हता. तो पहिल्या जोनचा वंशजच नव्हता. नाव्हारच्या जनांनी दुसऱ्या जोनला राणी म्हणून स्वीकारले, तेव्हा फिलिपने ते मान्य केले. शॅम्पेन मात्र त्याने ठेवून घेतले. पॅरिसच्या वेशीवरील हा प्रदेश नाव्हारच्या राणीच्या हाती देणे त्याला परवडणारे नव्हते. बदल्यात आंगुलेम, मोर्तँ व लाँगव्हील देण्याचे ठरले आणि १३३६ मध्ये हा व्यवहार कायम झाला.

या व्यवहाराची किंमत फ्रान्सने पुढे मोजली. जोनचा मुलगा, नाव्हारचा दुसरा चार्ल्स, आपल्या आईवर अन्याय झाला ही भावना घेऊन वाढला. आंगुलेमही राजाने आपल्या मर्जीतील सरदाराला दिले आणि १३५४ मध्ये चार्ल्सच्या माणसांनी त्या सरदाराचा खून केला. इंग्लंडशी शतवार्षिक युद्ध चालू असताना फ्रान्सला हा अंतर्गत शत्रू सतत भेडसावत राहिला. अखेर १३६१ मध्ये राजा दुसरा जॉन याने बर्गंडी, नॉर्मंडी व तूलूझ यांच्यासह शॅम्पेन कायमचे राजमुकुटाशी जोडल्याचे जाहीर केले. वारसाक्रम तेथे संपला.

८. निष्कर्ष

१. शॅम्पेनमध्ये कन्येचा वारसाहक्क तत्त्व म्हणून कधीही अमान्य झाला नाही. १०२२, १२७४ व १३०५ या तिन्ही वेळी काउंटी स्त्रीच्या नात्याने किंवा प्रत्यक्ष स्त्रीकडे गेली.

२. ज्यांचा हक्क डावलला गेला, त्यांत पुत्रही होते आणि कन्याही होत्या. एतियेनचा मुलगा, ह्यूगचा मुलगा, फिलिपा, आलिक्स आणि दुसरी जोन या सर्वांमध्ये समान गोष्ट म्हणजे निर्णायक क्षणी काउंटी त्यांच्या ताब्यात नव्हती.

३. शपथ स्वीकारण्याचा अधिकार, अल्पवयीनांवरील देखरेख आणि तडजोडीसाठी लागणारा पैसा, या तीन साधनांनी राजाने सैन्यापेक्षा अधिक साध्य केले. प्रत्येक वारसाविवादानंतर राजसत्ता थोडी पुढे सरकलेली दिसते.

४. कन्येच्या हक्कामुळे जी काउंटी राजघराण्यात आली, ती पुढे कन्येचा हक्क नाकारूनच तेथे राहिली. म्हणून सरंजामी वारसाक्रमाचे अध्ययन करताना ‘नियम काय होता’ या प्रश्नाबरोबरच ‘नियम सांगितला गेला तेव्हा ताबा कोणाकडे होता’ हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. तसे केल्यास फळ्यावरील उतरंडीमागील माणसे त्यांना दिसू लागतील आणि १३१८ मधील सहा वर्षांच्या मुलीचे नाव राजांच्या वंशावळीखाली दडून राहणार नाही.